करोनाव्हायरस

मानव, इतर सस्तन प्राणी व पक्षी यांच्या श्वसनमार्गाचे आणि आतड्यांचे रोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूंचा गट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांच्या पृष्ठभागावरील प्रवर्ध तेजोवलयासारखे दिसतात, यावरून १९६८ मध्ये हे नाव देण्यात आले. या गटातील विषाणूमुळे कोंबड्यांना होणाऱ्या सांसर्गिक श्वासनलिकादाहाचे वर्णन १९३१ मध्येच झाले होते. मानवी सर्दीच्या अशा विषाणूचा शोध टिरेल व बायनो यांनी १९६५ मध्ये लावला. २०१२ मध्ये आढळलेल्या मर्स रोगाचा विषाणू उंटांपासून मानवात येतो.

पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (स्थापना १९५२) जानेवारी २०२० मध्ये केरळातील, भारतातील पहिल्या कोव्हिड-१९ रुग्णाचे निदान केले. तिने अलग केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीत केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी व हिमाचल प्रदेश येथील काही फलाहारी वटवाघळांत करोनाव्हायरस आढळले. मात्र ते मानवात रोग उत्पन्न करतात, असा पुरावा मिळाला नाही. प्राण्यात विषाणू आढळणे व त्यापासून मानवाला रोग होणे या भिन्न गोष्टी होत. यांतील अंतर केव्हा मिटते हे वेळीच कळावे, यासाठी मानव व प्राणी यांतील विषाणूंची एकत्रित व सातत्याने पाहणी आवश्यक ठरते.