कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी

स्कूटरच्या चाकात हवा भरायला, कपाटाला स्प्रेने रंग मारायला किंवा कॉम्प्युटरमधली धूळ उडवायला 24-25 लिटर टाकीचा स्वस्त कॉम्प्रेसर आता घरीही घेतला जातो. त्याची मोटर जळली तर बदलता येते, पिस्टनची रिंग झिजली तर नवी बसते. टाकी गंजली की मात्र यंत्राचं आयुष्य संपत येतं. टाकी गंजते ती आतून, हवेतल्या पाण्यामुळे.

हे पाणी येतं कुठून? 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते. जुलैत कोकणात आर्द्रता 80 टक्के असेल, तर हवेत 24 ग्रॅम वाफ असतेच. 25 लिटरच्या टाकीत 8 बार दाब होईपर्यंत सुमारे 225 लिटर हवा कोंबली जाते आणि तिच्याबरोबर साडेपाच ग्रॅम वाफही. हवा दाबली की आकसते. वाफ किती मावणार हे मात्र जागा आणि तापमान ठरवतं. टाकी निवाली की 25 लिटरांत जेमतेम पाऊण ग्रॅम वाफ टिकते. बाकीचीचं पाणी होतं, दर भरणीला चहाचा चमचाभर.

म्हणून काम संपलं की वीज बंद करा, दाब एक-दोन बारपर्यंत उतरवा आणि टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा. पाणी तांबूस दिसलं, तर आत गंज धरला आहे. पाणी संपून नुसती हवा आली तरी कॉक रात्रभर उघडाच ठेवा.

बाकीची दुखणी कानाला कळतात. मोटर थांबताना प्रेशर स्विचपाशी क्षणभर 'फुस्स' होतं, ते बरोबरच आहे. पिस्टनवरचा दाब सुटल्याने मोटरला पुन्हा सुरू होताना जोर लागत नाही. फुसफुस थांबतच नसेल, तर टाकीच्या तोंडावरची एनआरव्ही, म्हणजे एकेरी झडप, हवा मागे सोडते आहे. टाकी पूर्ण रिकामी करून झडप उघडा, काजळी पुसा, रबर चिरलं असेल तर बदला. मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर हीच झडप आणि कपॅसिटर तपासून घ्या. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांनी दिसते.

गंजून भोक पडलेली टाकी वेल्डिंग करून कधीही वापरू नका. भोकाभोवतीचा पत्राही आतून पातळ झालेला असतो. भरलेल्या टाकीतली ऊर्जा 60 किलोच्या माणसाला आठ मजले वर उचलण्याइतकी असते. पत्रा फाटला तर ती एका क्षणात सुटते. अशी टाकी भंगारातच द्या, आणि नव्या टाकीचं पाणी पहिल्या दिवसापासून काढा.