जागा निघेपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीत एक वानर आलं. काळं तोंड, लांब शेपूट, वय कोवळं. पाण्याच्या टाकीवर बसून त्याने शेजारच्या शेवग्याचा पाला ओरबाडून खाल्ला. खाली जमलेल्या मंडळींनी निकाल दिला, ‘टोळीतून चुकलंय बिचारं.’ आमचा वॉचमन मावळातला. तो म्हणाला, ‘चुकलं नाय, काढलंय. हुप्प्या दुसऱ्याला ठेवत नाय.’

वॉचमनचा निकाल शास्त्राच्या जास्त जवळचा होता. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारु सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडच्या रानात वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. १९६२ साली त्यांच्या पाहण्यातल्या एका टोळीवर सात भटक्या नरांनी हल्ला चढवला. जुन्या हुप्प्याची, म्हणजे टोळीच्या म्होरक्या नराची, सत्ता गेली, त्याच्यासोबत वाढत्या वयाचे नरही बाहेर पडले. मग सातांतल्या एकाने आपल्याच सहा साथीदारांना पिटाळलं आणि अंगावरच्या पिल्लांना चावून मारलं. पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येते, असा त्यामागचा क्रूर हिशेब पुढे मांडला गेला. या सगळ्या उलथापालथीत माद्या सहसा जागच्या हलत नाहीत. आजी, आई, लेक एकाच टोळीत म्हाताऱ्या होतात. वानरांत सासरी जातो तो मुलगा. चिंपांझींत उलटं, तिथे बहुतेक लेकी परक्या टोळीत जातात.

एका नरामागे अनेक माद्या असल्या, की जादा नर बाहेर, हे गणित सोपं आहे. खरा पेच पुढचा. जिथे एक नर, एक मादी आणि त्यांची दोन-तीन पोरं एवढंच बिऱ्हाड असतं, तिथली पोरं का जातात? आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही, दोघंही जातात.

अशी बिऱ्हाडं भारतात बघायची तर ईशान्येत जावं लागतं. आपल्याकडचे बिनशेपटीचे वानर म्हणजे हुलॉक गिबन. जोडपं सकाळी झाडाच्या शेंड्यावरून मिळून गातं, ते गाणं म्हणजे शेजाऱ्यांना दिलेली ताकीद असते, ही हद्द आमची. पिल्लू फिक्कट जन्मतं, मग काळं होतं. मादी वयात आली की पुन्हा उजळते, पिंगट होते. लेक मोठी झाल्याचं तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. गिबनांची पोरं साधारण आठव्या-दहाव्या वर्षी घर सोडतात. त्याआधी काही महिने फळांच्या झाडावर धुसफूस सुरू होते. बापाला मुलगा खपत नाही, आईला मुलगी. मारामारी क्वचितच. जेवायला बसताना अंतर वाढत जातं, झोपायचं झाड वेगळं होतं.

पोरगं भांडणामुळे जातं, असं वरवर दिसतं. मुळात त्या हद्दीत प्रजननाची जागा एकाच जोडीची, आणि ती भरलेली. घरातच थांबलं तर जोडीदार मिळणार तो आई-बाप किंवा भावंडच, आणि रक्तातल्या रक्तात झालेल्या प्रजेत व्यंगं वाढतात. म्हणून निघायचं. पण जायचं कुठे? आसामच्या जोरहाट जिल्ह्यातलं होलोंगापार अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, भोवती चहाचे मळे आणि मधून रेल्वेचा रूळ. हुलॉक जमिनीवर सहसा उतरत नाही. रुळापलीकडचं गाणं त्याला ऐकू येतं, पण तिथली जागा गाठता येत नाही. तिथे फांद्या वरून जुळाव्यात म्हणून रुळांच्या दोन्ही अंगांना झाडं लावली गेली.

जागा न मिळालेल्यांचं काय होतं, हे अर्जेंटिनातल्या फोर्मोसा प्रांतात एदुआर्दो फर्नांडेझ-दुके यांनी १९९६ पासून पाहिलं. तिथल्या टपोऱ्या डोळ्यांच्या माकडांत बाप पिल्लाला पाठीवर घेऊन फिरतो. ३५ पिल्लांची जनुकीय तपासणी केली, तर एकाचाही बाप परका निघाला नाही. इतकी निष्ठा! तरी त्यांची जोडी मोडते, आणि मोडणारे असतात घर सोडून आलेले हेच तरुण. ते हद्दींच्या कडेकडेने एकटे हिंडतात, वाट पाहतात, आणि एके दिवशी नराला किंवा मादीला हुसकून त्याची किंवा तिची जागा घेतात. एकाच जोडीदारासोबत राहिलेल्यांना इतरांपेक्षा २५ टक्के जास्त पिल्लं झाली. म्हणजे एकाचं घर सोडणं दुसऱ्याच्या घराला भोवतं.

अनोळखी जागी एकट्याने जाणं धोक्याचं. केनियातल्या अंबोसेलीत डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफर्थ यांना दिसलं, की तरुण नर माकडं बहुधा भावासोबत किंवा सवंगड्यासोबत निघतात आणि आधीचे जिथे गेले त्या शेजारच्या टोळीकडेच वळतात. हे वाचल्यावर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवल्या नसत्या तरच नवल. १९५३ साली निघालेल्या त्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. इथे मामाची मुलगी करता येते, म्हणजे भाची आत्याच्या घरात पडते. लेक जाते, पण आत्या गेली त्याच वाटेने. डेक्कन कॉलेजात बसून हे लिहिणाऱ्या इरावतीबाई स्वतः सातव्या वर्षी ब्रह्मदेशातून पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या होत्या.

सदाशिव पेठेत आजही पोरं याच हिशेबाने येतात. लातूरचा लातूरच्याच रूमवर, जिथे आधी चुलतभाऊ राहून गेला. मुली पूर्वी लग्नानंतर घर सोडत, आता त्याही आधीच येतात. लोकसेवा आयोगाच्या जागा निघेपर्यंत अभ्यासिका, खानावळ, पुन्हा अभ्यासिका. घरच्यांनी कुणाला हाकललेलं नसतं. गावात शेत एक आणि वाटेकरी तीन, एवढंच.

आमच्याकडचं वानर तिसऱ्या दिवशी गेलं. त्याच आठवड्यात पेठेतल्या एका जिन्यात चिठ्ठी पाहिली, ‘कॉट बेसिस. एक कॉट रिकामी.’ खालच्या फोन नंबरच्या आठ पट्ट्यांपैकी सात कुणीतरी फाडून नेल्या होत्या.