मानसशास्त्राची कोणती शाखा?

पदवी अभ्यासक्रमात मुख्य व गौण विषय निवडण्याची मुभा नव्या शैक्षणिक धोरणाने दिल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांतील कला शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मानसशास्त्र घ्यावयाचे, हे निश्चित झाले, तरी त्यातील कोणत्या शाखेवर भर द्यावा? चिकित्सालयीन, औद्योगिक, शैक्षणिक, सामाजिक, की समुपदेशन? पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : चिकित्सालयीन. ‘त्याला स्कोप आहे’, एवढेच त्याचे समर्थन असते. हे समर्थन तपासून पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, सर्वसाधारण बी. ए. पदवीने कोणीही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले स्वतंत्र शिक्षण व तिच्याकडील नोंदणी लागते. पदवीच्या वर्गातील शाखा ही पायाभरणी आहे, व्यवसायाचा परवाना नव्हे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षणातून देण्यास मनाई केली आहे. शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी हा निर्णय समर्थनीय असेलही. परंतु सिरोंचा वा एटापल्लीच्या विद्यार्थ्याला आता घराजवळच्या महाविद्यालयावरच विसंबावे लागणार, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे ॲडम स्मिथची आठवण होणे स्वाभाविक आहे. श्रमविभागणी किती सूक्ष्म व्हावी हे बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते, असे त्याने १७७६ साली प्रतिपादन केले. विरळ वस्तीच्या डोंगराळ मुलखात एकाच माणसाला अनेक कामे करावी लागतात, हे त्याचे निरीक्षण आपल्या जिल्ह्यांनाही लागू पडते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास होती, आणि तीही जंगलात विखुरलेली. अशा प्रदेशात एका व्याधीपुरते ज्ञान असलेल्या तज्ज्ञापेक्षा समाज, शाळा आणि कुटुंब या तिन्ही ठिकाणी वावरू शकणारा अभ्यासक अधिक उपयोगी ठरेल.

येथील प्रश्नच पाहा. भामरागडच्या आश्रमशाळेत येणाऱ्या मुलाची घरची भाषा माडिया, वर्गाची भाषा मराठी. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे मराठी व कानडी रूप सिद्ध केले, हे मोठेच कार्य. पण माडिया मुलाची मराठी कसोटी घेतली, तर मोजली जाते ती बुद्धी की भाषा? हा शैक्षणिक मानसशास्त्राचा प्रश्न आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीने व्यसन सुटते काय, गावाचा दबाव कितपत उपयोगी पडतो, हा सामाजिक मानसशास्त्राचा विषय. वाघाच्या हल्ल्यात घरचा माणूस गमावलेल्या कुटुंबाला भरपाईचा धनादेश मिळतो, पण पुन्हा मोहफुले वेचायला त्याच जंगलात जाण्याची भीती धनादेशाने जात नाही. तेथे समुपदेशन हवे. शस्त्रे खाली ठेवून गावी परतणाऱ्यांचे पुनर्वसन हे निव्वळ पोलिसी काम नव्हे. आणि कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने यांच्या चंद्रपुरात औद्योगिक मानसशास्त्राला वाव नाही, असे कोण म्हणेल?

यावर आक्षेप येईल : गरज आहे, पण नोकऱ्या कोठे आहेत? आक्षेप रास्त आहे. गरज आणि मागणी या भिन्न गोष्टी आहेत. क्रयशक्तीचे पाठबळ नसलेली गरज बाजाराला दिसत नाही. म्हणूनच ती शासनाने मागणीत रूपांतरित करावयाची असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला. त्या हक्काला आश्रमशाळांत, ग्रामीण रुग्णालयांत आणि वनविभागात समुपदेशकांच्या कायम पदांची जोड मिळाली नाही, तर तो कागदावरच राहील.

तोवर विद्यार्थ्याने काय करावे? शाखेच्या नावावर भुलू नये. सामाजिक वा शैक्षणिक मानसशास्त्र मुख्य धरून संख्याशास्त्र व संशोधनपद्धती पक्क्या कराव्यात, म्हणजे पुढे चिकित्सालयीन शिक्षणाची वाटही बंद होत नाही. गोंडी वा माडिया ज्याची मातृभाषा आहे, त्याने तिला न्यूनता न मानता आपले भांडवल मानावे. रुग्णाचे दुःख दुभाष्यामार्फत फारसे कळत नाही. महाविद्यालयांनीही एकाच अध्यापकाच्या बळावर पाच शाखांची जाहिरात करण्यापेक्षा दोनच शाखा नीट शिकवाव्यात. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले ते या दोन जिल्ह्यांसाठी. येथील मनांचा अभ्यास येथल्या विद्यार्थ्यांनी करावा, अशी सोय करणे हे त्याच्या कर्तव्यातच येते.