चाळीस पैशांची झेरॉक्स आणि कॉपीराइटचा कायदा

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे झेरॉक्सचं छोटंसं दुकान. जागा विद्यापीठाची, परवाना विद्यापीठाचा आणि करारातला तेव्हाचा दर पानामागे 40 पैसे. ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशनसंस्थांनी या दुकानाविरुद्ध आणि दिल्ली विद्यापीठाविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. भारतातल्या प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला माहीत असायलाच हवी, अशी ही लढाई आहे.

वाद होता ‘कोर्स पॅक’चा. प्राध्यापक अभ्यासक्रमासाठी वाचन नेमून देतात, या पुस्तकातलं एक प्रकरण, त्या पुस्तकातली वीस पानं. दुकानदार ती सगळी झेरॉक्स करून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत असे. दोन-चार प्रकरणांसाठी महागडी पुस्तकं विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, आणि ग्रंथालयात प्रती मोजक्याच. झेरॉक्स मुळीच काढू नका, असं प्रकाशकांचं म्हणणं नव्हतं, हेही सांगायला हवं. हा धंदा आहे, तेव्हा परवाना घ्या आणि शुल्क भरा, असा त्यांचा आग्रह होता.

ऑक्टोबर 2012 मध्ये अंतरिम आदेशाने कोर्स पॅकची विक्री थांबली. विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या संघटना खटल्यात उतरल्या. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना फेरविचाराची विनंती केली. ज्यांच्या लेखनाच्या झेरॉक्स निघत होत्या, त्यांतल्या काही लेखकांनीही विद्यार्थ्यांची बाजू घेतली. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

16 सप्टेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतारे उतरवून घेत, तेव्हा तो गुन्हा नव्हता. मग तेच काम यंत्राने केलं म्हणून तो गुन्हा कसा होईल, असा त्यांचा विचार. कॉपीराइट हा ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, समाजाच्या ज्ञानवृद्धीसाठी कायद्याने दिलेला हक्क आहे, असंही त्यांनी स्पष्ट केलं. डिसेंबरमध्ये खंडपीठाने हे तत्त्व उचलून धरलं. किती पानं घ्यावीत याचा आकडा न घालता त्याने शैक्षणिक गरज हाच निकष ठरवला, आणि ती गरज खरोखर होती का, एवढं तपासायला खटला पुन्हा खालच्या पीठाकडे पाठवला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

या सगळ्याचा आधार म्हणजे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा आणि उत्तरपत्रिकेतला उतारा, या तिन्हींना त्यात स्पष्ट मुभा आहे. ‘शिकवण्याचा ओघ’ म्हणजे वर्गातला फक्त एक तास नव्हे. वाचन नेमून देण्यापासून पुढची सगळी अध्यापनप्रक्रिया त्यात येते, असं न्यायालयाने मानलं. अमेरिकेच्या कायद्यातही वर्गासाठीच्या प्रतींचा उल्लेख आहे, पण तिथे चार कसोट्या लावून प्रकरणागणिक निवाडा होतो. 1991 मध्ये अशाच कोर्स पॅकसाठी किंकोज या झेरॉक्स कंपनीला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 5 लाख 10 हजार डॉलरची भरपाई द्यायला लावली होती. आपल्या कायद्याचं मोठेपण या तुलनेत दिसतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकालाही याच कलमात सूट आहे. सादर करणारे शिक्षक-विद्यार्थी आणि प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी, एवढीच अट. गावभर तिकिटं विकली की ही सूट संपली.

जुन्या लेखकांच्या बाबतीत तर काहीच अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींचं निधन 1950 चं, म्हणून 2011 पासून त्यांचं साहित्य सर्वांसाठी खुलं आहे. वि. स. खांडेकरांचं निधन मात्र 1976 चं. त्यांचे हक्क 2036 अखेरपर्यंत राहतील.

मात्र एखाद्याचं अख्खं पुस्तक स्कॅन करून विकणं हे अध्यापन नव्हे, आणि या निकालाचा आडोसा त्याला मिळू नये. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजाराच्या आतबाहेर असते, तिथे अशा चोरीचा फटका थेट लेखकाला बसतो. शिक्षकांनी वर्गासाठी लागेल तेवढा भाग निर्धास्तपणे द्यावा, त्यावर लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव ठळक लिहावं, आणि मूळ पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात मागवून घ्यावं.