पत्रा जाड, पण हुक हलके

या पानावर आम्ही एरवी सुताचे भाव, विजेचे बिल आणि उधारीची वसुली यांवर लिहितो. आज छपराबद्दल लिहीत आहोत. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, आपल्यापैकी बहुतेकांची हलाल कमाई पत्र्याच्या छपराखालीच होते आणि आपल्या कारीगरांची मुलेबाळेही पत्र्याखालीच झोपतात. दुकानाला शटर आणि गल्ल्याला कुलूप लावण्यात आपण कसर करत नाही. छपराकडे मात्र ते गळू लागल्याशिवाय कोणी मान वर करून पाहत नाही.

आम्हीही पाहिले नव्हते. २०१७ च्या मे महिन्यात असरची नमाज आटोपून बाहेर पडलो, तेव्हा पश्चिमेचे आभाळ काळेपिवळे झाले होते. धुळीचा लोट आला, त्यामागून वारा आला आणि दहा मिनिटांत आमच्या छोट्या कारखान्याच्या पश्चिम कोपऱ्यावरचे बारा पत्रे निघून गेले. मागोमाग वीस मिनिटे पाऊस पडला. साच्यांवर सहा भरलेले बीम होते. बीम भिजला की सायझिंगची खळ विरघळते आणि धागे एकमेकांना चिकटतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वाळवून त्यातला एकही बीम नीट चालला नाही. शिवाय कोन्सच्या गोण्या खालून-वरून ओल्या झाल्या. सूत उधारीचे होते. छप्पर उडाले म्हणून उधारी उडत नाही!

अल्लाहचा फजल असा, की पाळी बदलायची वेळ होती आणि त्या कोपऱ्यात माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी पत्रे शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये सापडले. बाराही पत्रे जवळजवळ साबूत होते. छप्पर घालताना आम्ही घासाघीस करून चांगला जाड पत्रा घेतला होता आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. आम्ही नव्याने बोलावलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पत्रा पालथा केला, भोकाभोवतीचा फाटलेला भाग दाखवला, खाली पडलेला एक हुक उचलून आमच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "सेठ, पत्रा तुम्ही जाड घेतला, पण हुक हलके घेतले. हा बघा, सरळ झालाय." खरोखरच जे आकाराचा तो हुक वाऱ्याच्या ओढीने खिळ्यासारखा सरळ झाला होता. आधीच्या फॅब्रिकेटरने हलका माल वापरला, हे खरे. पण सर्वांत कमी भाव देणाऱ्यालाच काम देण्याचा हट्ट आमचा होता. म्हणून दोष अर्धा त्याचा आणि अर्धा आमचा.

वारा छपराला वरून दाबतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उताराच्या सपाटशा छपरावरून जोराचा वारा गेला की वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. त्यात वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा शटर उघडे असले, तर आत शिरलेला वारा खालूनही छप्पर उचलतो. ताडपत्री बांधलेला ट्रक पाहा. गाडी वेगात असली की ताडपत्री मधोमध फुगते आणि सुटते मात्र कडेला, जिथे दोरी आहे तिथे. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट पत्र्यावर पाहायला एवढा उशीर लागावा, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

हिशेब मांडू. दहा बाय बाराची खोली घ्या, म्हणजे १२० चौरस फूट. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर एवढ्या क्षेत्रावर सुमारे ५०० किलो भरतो. त्यावरच्या पत्र्यांचे वजन अवघे पन्नास-साठ किलो. मग लोक दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात. दहा-दहा किलोचे दहा दगड ठेवले तरी शंभर किलोच झाले. बाकीचे साडेतीनशे किलो कोण धरणार? हुक आणि नट. शिवाय वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. भारतीय मानक संस्थेच्या वाऱ्याविषयीच्या मानकात (आयएस ८७५, भाग ३) बांधकामाच्या हिशेबासाठी नाशिकला सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, आणि मुंबईला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरला आहे. रोज असा वारा सुटत नाही. पण छप्पर रोजच्या वाऱ्यासाठी बांधायचे नसते. दगडाचा आणखी एक धोका आहे. पत्रा उचलला की तो दगड गल्लीतून जाणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पैसा पत्र्यात घालण्याआधी जोडात घाला. आमच्या मिस्त्रीने जे केले ते असे. कडेच्या, कोपऱ्याच्या आणि आढ्यालगतच्या पत्र्यांना त्याने दुप्पट हुक दिले, कारण वाऱ्याची ओढ तिथे सर्वांत जास्त असते आणि आमचे बारा पत्रेही कोपऱ्यापासूनच गेले होते. तिथे जे हुकाऐवजी यू बोल्ट घातले. यू बोल्टचे दोन्ही पाय वर येऊन नटात बसतात, त्यामुळे तो सरळ होऊन सुटत नाही. प्रत्येक नटाखाली रुंद लोखंडी वॉशर आणि त्याखाली डांबरी किंवा रबरी वॉशर आला. वॉशर लहान असेल तर हुक जागेवर राहतो आणि पत्रा भोकातून फाटून निघतो. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचे, नाल्यात नव्हे, नाहीतर पहिल्याच पावसात गळती सुरू होते. पत्र्यांचा जोड वाऱ्याच्या उलट दिशेला उघडा राहील असे पत्रे टाकायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे बहुधा दारापासून सुरुवात होते, कारण शिडी तिथे असते!

पण पत्रा पट्टीला पक्का केला आणि पट्टी कैचीला नुसती टेकलेली असली, तर पत्र्यासकट पट्टी जाते. पट्टी कैचीला आणि कैची भिंतीला बांधलेली असली पाहिजे. जुन्या भिंतींवर कैची किंवा तुळई बहुतेक नुसती ठेवलेली असते आणि भोवती थोडा सिमेंटचा लपका असतो. नवीन काम असेल तर भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घेऊन त्यातून सळ्या वर काढाव्यात. जुन्या घरात लोखंडी पट्टी तुळईवरून घेऊन भिंतीवर दोन-तीन फूट खाली उतरवावी, आरपार बोल्ट मारावा आणि पलीकडून चौकोनी प्लेट लावावी. ही साखळी छपरापासून पायापर्यंत तुटता कामा नये.

आम्ही कोकणात व्यापाराच्या निमित्ताने जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही श्रीवर्धन-म्हसळा भागातल्या गिऱ्हाइकांकडे गेलो. नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. ते दुःख वेगळे, एका बागेला पुन्हा उभे राहायला वर्षे लागतात. आमचे लक्ष मात्र गच्च्यांकडे गेले. आखाती देशांत घाम गाळून बांधलेली स्लॅबची पक्की घरे होती आणि पाऊस मुरू नये म्हणून त्यांच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभे करून पत्रा घातलेला होता. घराला काही झाले नव्हते, पण कितीतरी ठिकाणी ही पाइपांची चौकटच्या चौकट उखडून दूर पडली होती. चारी बाजूंनी उघडी शेड म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने उलटी छत्रीच. पाइपाच्या तळाची प्लेट गच्चीच्या प्लास्टरमध्ये दोन लहान बोल्टांनी बसवलेली असेल, तर ती कितीशी धरणार? पाइप पिलरच्या सळ्यांना जोडलेले हवेत आणि कोपऱ्यांत तिरपे आधार हवेत. जुन्या कौलारू घरांची कौले गेली, वासे राहिले. त्यांतही चारी बाजूंना उतार असलेली चौपाखी छपरे दुपाखी छपरांपेक्षा वाऱ्याला बरी टिकतात, कारण त्यांना वारा थेट अडवणारी त्रिकोणी भिंत नसते. वळचण दीड फुटापेक्षा जास्त पुढे काढू नये. पडवी किंवा ओटा असेल तर त्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही.

वादळ ओसरले की पत्र्याला भाव चढतो आणि मिस्त्रीची वाट पाहावी लागते. आम्हाला २०१७ मध्ये बारा पत्रे परत बसवायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस कारीगर घरी बसले. त्यांची मजुरी बुडाली आणि आमची बोलीची तारीख गेली.

गारपिटीचा मामला थोडा निराळा आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपले, ते शेतकऱ्यांप्रमाणे छपरे दुरुस्त करणारेही विसरले नसतील. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. पाच सेंटीमीटरची गार साधारण साठ ग्रॅमची असते आणि वेगही मोठ्या गारेचाच जास्त. चांगल्या लोखंडी पत्र्याला खड्डे पडतात, तो सहसा फुटत नाही. जुना सिमेंटचा पत्रा तडकतो. त्याची तड वरून दिसतही नाही, पहिल्या पावसात बीमवर थेंब पडू लागले की कळते. सर्वांत आधी फुटतात ते उजेडासाठी टाकलेले पारदर्शक फायबरचे पत्रे. उन्हाने ते काही वर्षांत ठिसूळ होतात. पिवळे पडले की बदलावेत आणि खालून तारेची जाळी लावावी, म्हणजे तुकडे साच्यावर आणि माणसावर पडणार नाहीत. सिमेंटच्या पत्र्यावर कोणालाही सरळ पाय ठेवून चढू देऊ नका. फळी टाकूनच चालावे, आणि फळीखाली पट्टी आहे याची खात्री करावी. पत्रा फुटून वरून पडलेला मजूर साच्यावर पडतो. तसेच या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे कापू नयेत, भोक पाडताना पाणी मारावे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

कारखान्यापुरती एक गोष्ट राहिली. साचे दिवसरात्र धडधडत असतात, त्या हादऱ्याने छपराचे नट हळूहळू ढिले होतात. उडणारी रुई हुकांवर साचते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे गंज लवकर चढतो. म्हणून वर्षातून एकदा, वळवाच्या आधी, सगळे नट पाना लावून तपासावेत. डबल नट घातले तर आणखी बरे. दीड हजार चौरस फुटांच्या आमच्या कारखान्याला नवे हुक, बोल्ट आणि वॉशर मिळून तीन-चार पत्र्यांच्या किमतीएवढा खर्च आला, मजुरी वेगळी.

विम्याबद्दल शरीयतचा काय हुकूम आहे हे उलमांना विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. पण बँकेच्या कर्जामुळे ज्यांची पॉलिसी आधीच आहे, त्यांनी ती एकदा वाचून घ्यावी. हप्ता कमी करण्यासाठी वादळ आणि पुराचा भाग वगळलेला असू शकतो आणि हे नुकसान झाल्यावरच लक्षात येते. सरकारी मदतीचे म्हणाल, तर २०२२ मध्ये ठरलेल्या केंद्राच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. तेवढ्यात छप्पर उभे राहत नाही. तरीही छप्पर उडाल्यावर आवरासावर करण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या.

सर्वांत कठीण प्रश्न आपल्या कारीगराच्या घराचा आहे. चार बांबू, जुने पत्रे आणि वर दगड, तेही बहुधा भाड्याचे. यू बोल्ट आणि काँक्रीटचा पट्टा त्याला सांगणे म्हणजे थट्टा. आमच्या एका कारीगराच्या घरी मिस्त्रीने चारही कोपऱ्यांत लोखंडी अँगल अडीच फूट जमिनीत काँक्रीटमध्ये गाडले, छपराच्या बांबूंवरून जाड जस्ती तार आडवी-तिरपी घेऊन त्या अँगलांना ताणून बांधली आणि वरचे दगड खाली उतरवले. अर्ध्या दिवसाचे काम होते. घरमालक आधी कुरकुरला, मग त्यानेच शेजारच्या दोन खोल्यांना तसे करून घेतले. खर्च आम्ही दिला आणि तो कारीगराच्या हिशेबातून वळता केला नाही. ज्याचे घर उडाले तो दुसऱ्या दिवशी कामावर कसा येईल, हा आमचाही स्वार्थ त्यात होताच.

मिस्त्री आता बराच थकला आहे, शिडीवर त्याचा मुलगा चढतो. गेल्या तपासणीत एकतीस नट ढिले निघाले, त्यांतले एकोणीस पश्चिमेच्या त्याच कोपऱ्यातले होते.