सदुसष्ट नॅनोसेकंदांचा हिशेब

६ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलने ज्या आठ शहरांत ५जी सुरू केले, त्या यादीत दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद असणार हे कोणीही सांगितले असते. उरलेली तीन नावे निघाली सिलिगुडी, वाराणसी आणि नागपूर. पुणे त्या यादीत नव्हते, याचा नागपुरात आनंद झाला नसता तरच नवल. आदल्याच दिवशी दसरा होता. दसऱ्यालाच असणाऱ्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. एवढ्याशा परिसरात लाखो मोबाइल एकाच वेळी फोटो पाठवतात, घरी फोन लावतात, गर्दीत चुकामूक झालेल्या माणसाला शोधतात. मोबाइल नेटवर्कची खरी परीक्षा अशा दिवशी होते. जाहिरातीतला वेग त्या दिवशी कामाला येत नाही.

नेटवर्क अडले की लोक टॉवरकडे बघून शिव्या घालतात, कारण टॉवर दिसतो. त्याच्या मागे वातानुकूलित खोलीत जे चालते ते कोणाला दिसत नाही. तिथे आज बहुतेक ठिकाणी साधे सर्व्हर असतात, बँकेत किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत असतात तसलेच. त्यांच्याकडून मोबाइल नेटवर्कचे काम करून घेणे ही अजब खटपट आहे.

मोबाइलमधून निघालेला डेटा छोट्या पॅकेटांत विभागलेला असतो. टॉवर त्या पॅकेटावर आणखी एक वेष्टन चढवतो. या वेष्टनाला जीटीपी म्हणतात आणि त्यात ३२ बिटांचा एक क्रमांक असतो. कोअर नेटवर्कमधला एक घटक ते वेष्टन उतरवतो, क्रमांकावरून हे पॅकेट कोणाचे, त्याला वेग किती द्यायचा, डेटा कोणाच्या खात्यात मोजायचा हे पाहतो आणि पॅकेट इंटरनेटकडे सोडतो. उलट दिशेने आलेल्या पॅकेटावर वेष्टन चढवून ते योग्य टॉवरकडे धाडतो. ५जीत या घटकाला यूपीएफ म्हणतात. एअरटेलने सुरुवात केली ती रेडिओ ५जीचा आणि कोअर ४जीचा अशा जोडणीने. तिथे हेच काम गेटवे करतो. नाव काहीही असो, प्रत्येक पॅकेटाला हात लावावाच लागतो.

पूर्वी या कामासाठी खास यंत्रे असत. एका कंपनीचे यंत्र, त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर, दुरुस्तीलाही तीच कंपनी. क्षमता वाढवायची तर नवे यंत्र मागवा आणि वाट बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे एटी अँड टी, बीटी, डॉइश टेलिकॉम, चायना मोबाइल, टेलिफोनिका यांच्यासह १३ दूरसंचार कंपन्यांनी एक पत्रक काढले. त्याचा मथितार्थ असा की, ही खास यंत्रे पुरे झाली; नेटवर्कचे प्रत्येक काम सॉफ्टवेअर म्हणून लिहा आणि बाजारात मिळणाऱ्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. आज या सर्व्हरवर, उद्या त्या. गर्दी वाढली की दोन मशीन जास्त, ओसरली की कमी. कल्पना फारच देखणी होती. तिला पहिला झटका बसला तो अंकगणिताचा.

दहा गिगाबिटची एक तार घ्या. आजच्या हिशेबाने ती लहानच. तिच्यावरून सगळ्यात छोटी, म्हणजे ६४ बाइटची पॅकेटे ओळीने येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटे होतात. एका पॅकेटाच्या वाट्याला वेळ येतो ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात जेमतेम २०० ठोके टाकतो. मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायला मात्र ८०-१०० नॅनोसेकंद सहज जातात. म्हणजे हवी ती नोंद प्रोसेसरच्या कॅशमध्ये नसली आणि मेमरीकडे एक हेलपाटा पडला, की त्या पॅकेटाचा वेळ संपला. वेष्टन उतरवायला अजून हातही घातलेला नसतो. तार शंभर गिगाबिटची असेल तर हेच ६७ नॅनोसेकंद पावणेसातवर येतात.

छोटी पॅकेटे खरेच एवढी असतात का? व्हिडिओची पॅकेटे बऱ्यापैकी मोठी असतात, दीड हजार बाइटच्या आसपास. पण ४जी-५जीवरचा साधा फोन कॉल दर २० मिलिसेकंदांना एक बारके पॅकेट पाठवतो, सेकंदाला ५०, तेही प्रत्येक दिशेने. दीक्षाभूमीवर हरवलेल्या काकांना शोधणारा पुतण्या डेटा फारसा वापरत नाही, पॅकेटे मात्र भरपूर वापरतो.

लिनक्सचा नेहमीचा मार्ग असा: पॅकेट आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देते, प्रोसेसर हातातले काम टाकून तिकडे वळतो, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पॅकेटाची नोंद करतो, तपासतो आणि कॉपी करून प्रोग्रामच्या हवाली करतो. वेबसाइट चालवायला हे उत्तम. लाखो पॅकेटांना मात्र हा शिष्टाचार परवडत नाही. त्यातून हे सगळे व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर मधे व्हर्च्युअल स्विच येतो आणि तोच सगळा खटाटोप दोनदा होतो.

२०१० मध्ये इंटेलमधले अभियंता व्यंकी व्यंकटेशन यांनी यावर जो तोडगा काढला त्याचे नाव डीपीडीके. कर्नलला बाजूला सारायचे, नेटवर्क कार्ड थेट प्रोग्रामच्या ताब्यात द्यायचे आणि इंटरप्ट बंद करायचे. प्रोग्रामने स्वतःच कार्डाकडे अखंड बघत राहायचे: आले का, आले का, आले का. नागपूरच्या बर्डीवर सकाळी आठला तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर उभे राहा. ठेलेवाला हाक येण्याची वाट बघत नाही; झारा हातातच असतो, प्लेटा ओळीने मांडलेल्या असतात आणि तो एका दमात सगळ्या भरतो. डीपीडीकेही पॅकेट एकेक उचलत नाही, बहुधा ३२ चा घास घेतो. फरक इतकाच, की दुपारी गिऱ्हाईक नसले तरी याची शेगडी तेवढ्याच आचेवर चालू राहते.

नव्याने नोकरीला लागलेल्या इंजिनीअरला पहिला धक्का बसतो तो इथेच. रात्री तीनला नेटवर्क जवळपास रिकामे असते, तरी पॅकेटांचे काम करणारे प्रोसेसरचे कोअर पडद्यावर शंभर टक्के व्यस्त दिसतात. दुपारी चारलाही शंभर. बिघाड काही नाही. बघत राहणे हेच त्यांचे काम. त्यामुळे सर्व्हरवर ताण किती हे त्या आकड्यावरून कळतच नाही. अनुभवी माणूस तिकडे ढुंकून बघत नाही. तो कार्डावरचा एक मोजणीचा आकडा बघतो: रांग भरली म्हणून किती पॅकेटे आत घेताच आली नाहीत. तो आकडा हलला की झोप उडते.

डीपीडीके बसवले म्हणजे संपले असे नाही. उलट तिथून खिळे ठोकायला सुरुवात होते. कोणते कोअर या कामाला हे आधी ठरवून, सर्व्हर सुरू होतानाच लिनक्सला बजावायचे की यांना दुसरे काम देऊ नकोस. मेमरी एरवी चार-चार किलोबाइटच्या पानांत वाटली जाते. एवढ्या पानांचे पत्ते प्रोसेसरच्या चिमुकल्या यादीत मावत नाहीत. म्हणून एक-एक गिगाबाइटची थोरली पाने राखून ठेवायची. अशा एका पानात २ लाख ६२ हजार छोटी पाने बसतात. हेही सर्व्हर सुरू होतानाच केलेले बरे, कारण नंतर मेमरीचे तुकडे झालेले असतात आणि सलग जागा सापडत नाही. मधला व्हर्च्युअल स्विच टाळायचा तर एसआर-आयओव्ही वापरायचे: एकच कार्ड स्वतःची अनेक रूपे दाखवते आणि त्यातले एक रूप थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती दिले जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती मात्र एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. या सर्व्हरमध्ये सहसा दोन प्रोसेसर असतात, दोघांची मेमरी वेगवेगळी, आणि नेटवर्क कार्ड ज्या खाचेत बसवले ती खाच दोघांपैकी एकाच्याच मालकीची. कार्ड पहिल्याचे आणि काम करणारे कोअर दुसऱ्याचे असे झाले, तर प्रत्येक पॅकेट दोन प्रोसेसरांमधला पूल ओलांडून जाते. कुठेही लाल दिवा लागत नाही, लॉगमध्ये चुकीची ओळ येत नाही. फक्त वेग हवा तेवढा मिळत नाही, आणि माणसे सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. लिनक्समध्ये प्रत्येक कार्डाच्या नावाखाली एक फाइल असते आणि अशा सर्व्हरवर तिच्यात एकच आकडा सापडतो, शून्य किंवा एक. कार्ड कोणाच्या बाजूला आहे ते तो आकडा सांगतो. काही कोटींच्या प्रकल्पात आधी बघायची गोष्ट ही असते.

दुसरा सापळा खास मोबाइल नेटवर्कचा. आलेली पॅकेटे अनेक कोअरमध्ये वाटण्यासाठी कार्ड पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट पाहून रांग ठरवते. इंटरनेटवर पत्ते हजारो असतात, त्यामुळे वाटणी आपोआप सारखी होते. टॉवरकडून आलेल्या पॅकेटावर मात्र जीटीपीचे वेष्टन असते आणि वेष्टनावर पत्ते दोनच, टॉवरचा आणि यूपीएफचा. ज्या पोर्टवर पोहोचायचे तोही ठरलेला, २१५२. आत हजारो माणसांचे कॉल आणि व्हिडिओ असोत, कार्डाला बाहेरून सगळे एकाच घरचे वाटतात आणि ते सगळ्यांना एकाच रांगेत उभे करते. एक कोअर घामाघूम, बाकीचे रिकाम्या रांगांकडे टक लावून. आणि पडद्यावर सगळेच शंभर टक्के. यावर उपाय म्हणजे कार्डालाच वेष्टनाच्या आत डोकावायला शिकवणे. इंटेलच्या ७०० मालिकेतल्या कार्डांत त्यासाठी वेगळी प्रोफाइल चढवता येते.

आता हिशेब मांडा. कोअर ठरलेले, मेमरी ठरलेली, कार्ड ठरलेले, खाच ठरलेली. कार्डाचे रूप थेट हाती दिल्यामुळे चालू मशीन अलगद उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची सोयही बरीचशी गेलेली. ‘आज या सर्व्हरवर, उद्या त्या’ हे २०१२ चे स्वप्न होते. वेगासाठी त्यातला बराच भाग परत करावा लागला. माझ्या मते ही फसवणूक नव्हे, सौदा आहे. पण विकताना स्वप्न सांगतात आणि खिळे ठोकायचे काम नंतर येणाऱ्याच्या माथी असते.

आणि गोष्ट इथेही थांबत नाही. १७ मे २०२२ रोजी पंतप्रधानांनी ज्या स्वदेशी ५जी टेस्टबेडचे उद्घाटन केले, तो आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांनी उभारला; त्यांत पवईची आयआयटी बॉम्बे होती. तिथे प्रा. मैथिली वुटुकुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या संशोधनाचा विषय हाच होता: सॉफ्टवेअरमधल्या यूपीएफचे काही काम प्रोग्राम करता येणाऱ्या नेटवर्क कार्डावर ढकलले तर काय साधते. म्हणजे खास यंत्र पुढच्या दाराने बाहेर काढले आणि ते कार्डाच्या रूपाने मागच्या दाराने आत येते आहे. या वेळी त्याच्यावरचे सॉफ्टवेअर आपण लिहू शकतो, हा फरक मात्र लहान नाही.

नागपूरच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या बोलायला हव्यात. पहिली अंतराची. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या कडेने अगदी सरळ फायबर आहे असे धरले, तरी मुंबईला जाऊन यायला सात मिलिसेकंद लागतात. नॅनोसेकंदांसाठी एवढा आटापिटा करून पॅकेट शेवटी मुंबईच्या यूपीएफला पाठवायचे असेल, तर गर्दी हाताळता येईल, पण विलंब फारसा कमी होणार नाही. दुरून यंत्र चालवणे किंवा रुग्णवाहिकेतून थेट तपासणी यांसारख्या कामांना यूपीएफ शहरातच हवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कधीच न झोपणारे कोअर खोलीत सतत उष्णता ओततात. विजेचे बिल दोनदा येते, एकदा सर्व्हरचे आणि एकदा एसीचे. मुंबईच्या मोठ्या केंद्रात शेकडो सर्व्हर असतात, तिथे हा खर्च पसरून जातो. शहरापुरत्या छोट्या केंद्रात सर्व्हर मोजकेच असतात आणि त्यातले निम्मे कोअर रात्रभर रिकाम्या रांगा बघण्यात गुंतले तर हिशेब बिघडतो. डीपीडीकेमध्ये आता यावर सोय आहे: काही फेऱ्यांत काहीच आले नाही तर कोअरची गती उतरवायची किंवा त्याला हलकी डुलकी घेऊ द्यायची. जाग यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात रांग भरली तर पॅकेटे पडतात. किती फेऱ्या रिकाम्या गेल्यावर डुलकी घ्यायची, हा आकडा किती पॅकेटे पडलेली सोसतील त्यावर बेतावा लागतो. डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यांत तो एक असेल, दसऱ्याला वेगळा, आणि मेमधल्या सुनसान दुपारी आणखी वेगळा.