मसूर ते महाड

आमच्या कराडजवळील मसूर स्टेशन पुष्कळांनी आगगाडीतून पाहिले असेल. पण एका मोठ्या हक्काची वाट तेथूनही जाते, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

सन १९०१ मध्ये साताऱ्यास शिकत असलेले बालक भीमराव आंबेडकर घरच्या मुलांसह येथे उतरले. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांकडे त्यांस जावयाचे होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला. तोही पायी चालला व बैल मुलांनीच हाकले. रात्री शिदोरी जवळ असूनही पाणी मिळाले नाही. मुले उपाशीच निजली. पैसा होता, अन्न होते. नव्हता तो पाण्यावरचा हक्क.

मसूरहून सातारा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट व पोलादपूर या मार्गाने महाड गाठता येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चालत तेथे गेले व ओंजळीने पाणी प्याले. पुढे खटला चालला; १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सुटीत पालकांनी मुलांस ही वाट अवश्य दाखवावी. तळ्याच्या पायऱ्यांवर सन-तारखा कदाचित आठवणार नाहीत. मसूरचा तहानेला मुलगा मात्र आठवेल.